क्लच प्लेट कुठली घ्यायची ते नंतर. आधीची का जळाली ते आधी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गाडी २५० सीसीची फोर-स्ट्रोक डर्ट बाइक, सेकंड हँड घेतलेली. सुट्टीच्या दिवशी जंगलातल्या वाटांवर आणि दगडगोट्यांच्या उभ्या चढांवर चालते. वरच्या गिअरमध्ये जोर लागला की इंजिन ओरडतं, पण चाक तेवढं पळत नाही. आठ महिन्यांपूर्वी नव्या फायबर प्लेटा (घर्षणाचा थर चिकटवलेल्या चकत्या) टाकल्या होत्या, त्याही गेल्या. गाडी तापली की न्यूट्रल लागत नाही, लिव्हर ढिला पडतो, म्हणून तुम्ही वाटेतच केबलचा ॲडजस्टर फिरवून घेता. आणि आता मित्रमंडळी सांगतायत की केवलारच्या प्लेटा आणि कडक स्प्रिंग टाक, कटकट मिटेल. तेव्हा कुठल्या प्लेटा घेऊ?

गेली बरीच वर्षं मी हेच काम करतो, आणि असा क्लच दर काही दिवसांनी माझ्या टेबलावर येतो. प्लेटांबद्दल सांगणारच आहे, पण तुमच्या वर्णनात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. तुमचा क्लच स्लिप होतो आणि सुटतही नाही. या दोन उलट तक्रारी आहेत. स्लिप होतो म्हणजे प्लेटा एकमेकींना पुरेशा घट्ट धरत नाहीत. न्यूट्रल लागत नाही म्हणजे लिव्हर दाबूनही त्या एकमेकींना सोडत नाहीत. एकाच क्लचमध्ये दोन्ही दिसलं, की नुसत्या झिजलेल्या फायबर प्लेटांवर बोट ठेवून भागत नाही. त्या गेल्या आहेत हे खरं, पण बहुधा दुसऱ्या कुणामुळे तरी गेल्या आहेत.

माझा अंदाज सांगतो. चढावर क्लच अर्धवट दाबून गाडी खेळवली की प्लेटांचा गठ्ठा तापतो आणि फुगतो. फुगला की त्याला दाबून धरणारी प्रेशर प्लेट बाहेर सरकते, केबलमधला फ्री प्ले (लिव्हर दाबताना सुरुवातीला मिळणारी मोकळी हालचाल) वाढतो, लिव्हर ढिला लागतो. त्यातच बास्केटच्या, म्हणजे हा गठ्ठा ज्यात बसतो त्या बाहेरच्या वाटीच्या, बोटांना खाचा पडलेल्या असतील किंवा फायबर प्लेटांच्या मधल्या स्टील प्लेटा वाकलेल्या असतील, तर क्लच नीट सुटत नाही आणि न्यूट्रल लागत नाही. तुम्ही ॲडजस्टर फिरवून केबल ताणता, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. मग गाडी थंड होते, गठ्ठा पुन्हा आकसतो, आणि आता त्या ताणलेल्या केबलमध्ये फ्री प्ले उरतच नाही. पुढच्या राइडला तुम्ही लिव्हरला बोटही न लावता क्लच थोडासा दाबलेलाच असतो. अशा अवस्थेत जगातली कुठलीही प्लेट टाका, ती जळणारच. शिवाय प्लेटा झिजतील तसा फ्री प्ले आपोआप आणखी कमी होत जातो, म्हणजे परिस्थिती राइडगणिक बिघडत जाते. आठ महिन्यांत सेट का गेला याचं उत्तर मला यातच दिसतं.

अर्थात हा अंदाज गाडी न बघता केलेला आहे. म्हणून काहीही विकत घेण्याआधी क्लच उघडा आणि मोजा. तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल हवंच, कारण मी खाली देतो ते आकडे सर्वसाधारण आहेत; अंतिम शब्द मॅन्युअलचा. बहुतेक डर्ट बाइकांचा क्लच उजव्या बाजूला असतो, तेव्हा पेट्रोलचा कॉक बंद करून गाडी डाव्या कुशीवर आडवी टाकली तर ऑइल न काढताही कव्हर उघडता येतं. तुमच्या बाबतीत मात्र ऑइल काढाच. ते जळलेलं असेल, आणि त्याला वास कसा येतो, त्यात चमकणारी पूड दिसते का, हे बघण्यासारखं आहे.

सुरुवात फायबर प्लेटांपासून करा. व्हर्नियरने प्रत्येक प्लेटची जाडी तीन-चार ठिकाणी मोजा. नवी प्लेट साधारण ३ मिमीची असते आणि ०.२ ते ०.३ मिमी झिजली की मर्यादा संपते. लोकांना हा आकडा क्षुल्लक वाटतो. पण एक हिशोब करून बघा. आठ फायबर प्लेटा प्रत्येकी ०.२ मिमी झिजल्या तर गठ्ठा १.६ मिमीने बारीक होतो. स्प्रिंग याच गठ्ठ्यावर दाबून बसलेली असते, म्हणजे ती १.६ मिमीने सैल झाली. वर स्प्रिंग स्वतः तापून थकून १ मिमीने आखूड झाली असेल, तर एकूण २.६ मिमीचा दाब गेला. प्लेट हातात घेऊन बघितली तर ‘अजून बरीच आहे की’ असं वाटतं, आणि क्लच मात्र चढावर स्लिप होत असतो. म्हणून डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. मोजा, आणि सगळा गठ्ठा एकत्र दाबूनही त्याची उंची मोजून ठेवा. नवा सेट आल्यावर त्याच्याशी ताडून बघायला ती उपयोगी पडते.

मग स्टील प्लेटा. मागच्या वेळी तुम्ही फक्त फायबर प्लेटा बदलल्या, स्टील जुन्याच ठेवल्या, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या अनुभवात ही सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात महागात जाणारी बचत आहे. स्टील प्लेट फारशी झिजत नाही म्हणून ती चांगली आहे असं वाटतं. पण तापून ती वाकते, तिच्यावर निळे-जांभळे डाग पडतात, आणि पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत होतो. जाड काचेच्या सपाट तुकड्यावर प्लेट ठेवा आणि कडेखाली फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या) सरकवून बघा. वाकण्याची मर्यादा बहुतेक मॅन्युअलांत ०.१ ते ०.३ मिमीच्या दरम्यान असते. वाकलेली प्लेट दोन्हीकडून त्रास देते: क्लच दाबल्यावर शेजारणीला घासत राहते म्हणून न्यूट्रल लागत नाही, आणि क्लच सोडल्यावर पूर्ण टेकत नाही म्हणून फक्त काही भागच काम करतो आणि तो भाग जळतो. निळा डाग दिसला तर ती प्लेट सपाट असली तरी मी परत बसवत नाही. डाग नाही, वाकलेली नाही, नुसती चकाकी आलीय, तर बारीक पॉलिश पेपरने सपाट पृष्ठभागावर गोल-गोल घासून चकाकी मोडता येते. पण तुमच्या गाडीच्या या क्लचला स्टील नव्याच घ्या. जळून गेलेल्या सेटबरोबर दोनदा राबलेल्या स्टीलवर माझा भरवसा नाही.

आता बास्केट, आणि इथे जरा सावकाश बघा. फायबर प्लेटांचे कान बास्केटच्या बोटांमध्ये अडकतात. दर वेळी गॅस (ॲक्सिलरेटर) उघडला-सोडला की हे कान त्या बोटांवर आदळतात. बास्केट बहुधा ॲल्युमिनियमची असते, त्यामुळे कान जिथे आदळतात तिथे खाचा पडतात. प्लेटांना सुटताना या बोटांवरून सरकायचं असतं. खाचेत कान अडकला की प्लेट सरकत नाही, आणि लिव्हर दाबूनही क्लच धरून राहतो. बोटांवरून नख फिरवा. नख अडकत असेल तर खाच आहे. आतल्या हबच्या दातांवरही, जिथे स्टील प्लेटा बसतात, तसंच नख फिरवून बघा. हा भाग हमखास विसरला जातो.

उथळ खाच बारीक कानशीने काढता येते. सगळ्या बोटांवर सारखीच, बोटाची कड काटकोनातच राहील अशी घासायची, आणि भुकटी इंजिनात जाणार नाही याची काळजी घ्यायची. बास्केट बाहेर काढून केलं तर उत्तम. ०.५ मिमीपेक्षा जास्त घासावं लागत असेल तर मी कानस खाली ठेवतो आणि नवी बास्केट सांगतो. कारण जितकं घासाल तितकी कानांना मोकळीक मिळते आणि ते आणखी जोरात आदळतात. खाचा पुन्हा पडायला मग फार दिवस लागत नाहीत.

एका तरुण मुलाची गाडी माझ्याकडे आली होती. एका हंगामात तीन सेट बदललेले, तिन्ही वेगवेगळ्या कंपन्यांचे, तिसरा तर शर्यतीवाला महागडा. बास्केटच्या खाचा इतक्या खोल होत्या की टॉर्चचा उजेड तिरका टाकल्यावर सावली पडत होती. तीनही वेळा कव्हर उघडलं गेलं होतं, पण बास्केट कुणी बघितली नव्हती. बास्केट बदलली आणि साधा मूळ प्रकारचा सेट टाकला. तो सेट पुढे दोन हंगाम चालला. त्या मुलाचे पैसे फुकट गेले याचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून हे इतकं लांबण लावून सांगतोय.

स्प्रिंगबद्दल मत स्पष्ट आहे: प्रत्येक नव्या सेटबरोबर नव्या स्प्रिंगा, पण मूळ ताकदीच्याच. कडक स्प्रिंगने दाब वाढतो आणि स्लिप थांबते हे खरं. पण तुमच्या गाडीत स्लिपचं कारण मूळ स्प्रिंगची ताकद कमी असणं नाही, गठ्ठा आणि केबल बिघडणं आहे. कडक स्प्रिंग टाकली तर कारण झाकलं जाईल. शिवाय लिव्हर जड होईल. चढावर दोन तास एका बोटाने क्लच खेळवणाऱ्या माणसाच्या हाताला हे लगेच कळतं. हात आखडला की क्लच वापरण्यातली नजाकत जाते, आणि मग प्लेटा आणखी तापतात. इंजिनाची ताकद वाढवली असेल, वाळूत मोठ्या गिअरमध्ये सतत गॅस उघडून चालवत असाल, तर १० ते १५ टक्के कडक स्प्रिंगचा विचार करता येतो. तुमचं तसं नाही. आणि केटीएमच्या बऱ्याच अलीकडच्या मॉडेलांसारखी एकच बशीसारखी डायफ्रॅम स्प्रिंग असेल, तर हा प्रश्नच वेगळा होतो. तिथे गठ्ठ्याची उंची अगदी नेमकी राखावी लागते.

आता तुमचा मूळ प्रश्न, प्लेटांचा मसाला. बहुतेक मूळ प्लेटांवर कागदासारख्या तंतूंचं किंवा कॉर्क मिसळलेलं मिश्रण चिकटवलेलं असतं. यांचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे पकड हळूहळू येते. लिव्हर सोडताना कुठे धरायला लागला, किती धरला, हे बोटाला कळतं. ओल्या दगडावर चाक न घसरवता गाडी वर न्यायची तर हीच जाणीव लागते. दोष हा की फार तापवलं तर जळतात, आणि जळालेली प्लेट पुन्हा सावरत नाही.

केवलार हे ड्युपॉन्ट कंपनीने आणलेल्या अ‍ॅरामिड धाग्याचं व्यापारी नाव. बाजारात मात्र अ‍ॅरामिडच्या सगळ्याच प्लेटांना केवलार म्हणतात. या प्लेटा उष्णता जास्त सोसतात आणि जास्त टिकतात. पण मी बसवलेल्या बऱ्याच सेटमध्ये पकड अरुंद टप्प्यात, जरा झटक्याने येते, आणि त्या बसायला वेळही थोडा जास्त घेतात. मोटोक्रॉसमध्ये, जिथे गॅस उघडाच असतो आणि क्लच मधूनच एकदा फटकन मारायचा असतो, तिथे हे चालतं, काहींना आवडतंही. अवघड चढावर इंच-इंच पुढे जाणाऱ्याला ते नकोसं होतं. सिंटर्ड धातूच्या (धातूची पूड दाबून-तापवून घडवलेल्या) प्लेटा तर तुमच्यासाठी नाहीतच; त्या झटक्यात धरतात आणि स्टील व बास्केट दोन्ही खातात.

थोडा हिशोब इथेही लागू पडतो. क्लच किती जोर पेलेल हे चार गोष्टींवर ठरतं: मसाल्याचा घर्षणांक, स्प्रिंगचा दाब, प्लेटची सरासरी त्रिज्या, आणि घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या. आठ फायबर प्लेटा म्हणजे सोळा पृष्ठभाग. मसाला बदलून तुम्ही यातला फक्त एक आकडा हलवता, तोही थोडासाच, कारण ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचमध्ये घर्षणांक मुळात लहान असतो. स्टील वाकलेली असेल तर सोळातले कित्येक पृष्ठभाग अर्धेच टेकतात. केबल ताणलेली असेल तर दाबच जातो. महागडा मसाला हे नुकसान भरून काढू शकत नाही.

म्हणून तुमच्या वापरासाठी माझी निवड अशी: मूळ प्रकारच्या कॉर्क किंवा कागदी मसाल्याच्या फायबर प्लेटा, त्याच सेटच्या स्टील, मूळ ताकदीच्या स्प्रिंगा, आणि कव्हरचं गॅस्केट. फायबर, स्टील आणि स्प्रिंगा या तिन्ही गोष्टी एका सेटमध्ये मिळाल्या तर उत्तम, कारण जाडीचं गणित बनवणाऱ्याने जुळवलेलं असतं. कंपनीच्या डब्यातलाच पार्ट हवा असा माझा हट्ट नाही. जपानची एफसीसी होंडासारख्या कंपन्यांना क्लच पुरवते. अशा पुरवठादारांचा माल आणि चांगल्या बाहेरच्या कंपन्यांचे सेट मी वर्षानुवर्षं बिनधास्त बसवतो. मला भीती वाटते ती बिननावाच्या स्वस्त सेटची. अशा सेटमध्ये मी एकाच डब्यातल्या दोन प्लेटांच्या जाडीत फरक बघितलाय, आणि मसाल्याचे तुकडे सुटून ऑइलच्या जाळीत अडकलेलेही बघितलेत. तुमच्या गाडीला मूळच्या ॲल्युमिनियमच्या मधल्या प्लेटा असतील, काही मोटोक्रॉस गाड्यांना असतात, तर त्यांच्या जागी तितक्याच जाडीच्या स्टील घ्या. वजन किंचित वाढेल, पण ॲल्युमिनियम झिजून ऑइल काळं-करडं करतं ते थांबेल.

मागवताना मॉडेलचं वर्ष नक्की बघा. त्याच नावाच्या गाडीत एका वर्षी प्लेटांची संख्या किंवा कानांची रुंदी बदललेली असते. आणि जुना गठ्ठा काढताना फोटो काढत जा. काही गाड्यांत एक फायबर प्लेट आतून रुंद भोकाची असते. तिच्या आत जडर स्प्रिंग (निघतानाची थरथर रोखणारी कडी) आणि तिची बैठक बसते. ती उलट बसली किंवा चुकीच्या प्लेटबरोबर बसली तर गाडी निघताना थरथरते, आणि माणूस पुन्हा प्लेटांनाच दोष देतो.

ऑइलमुळेही क्लच स्लिप होऊ शकतो, त्यामुळे सेकंड हँड गाडीत आधी काय ओतलं होतं ते कळलं तर बघा. ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचसाठी जासो या जपानी मानकाचा एमए किंवा एमए२ शिक्का असलेलं मोटारसायकलचं ऑइल हवं. एमबी शिक्क्याचं किंवा इंधन वाचवतो म्हणणारं कारचं ऑइल टाकलं तर त्यातले घर्षण कमी करणारे घटक प्लेटांवर बसतात आणि नवा सेटसुद्धा स्लिप होतो. काही गाड्यांत इंजिनाचं आणि गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं. तुमची तशी असेल तर क्लचसाठी महत्त्वाचं आहे ते गिअरबॉक्सच्या बाजूचं.

बसवताना नव्या फायबर प्लेटा रात्रभर त्याच ऑइलमध्ये भिजवा. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच चढाला पृष्ठभाग करपतो. स्टील प्लेटेची एक कड ठशातून कापल्यामुळे धारदार असते, दुसरी गोलसर. मॅन्युअल वेगळं सांगत नसेल तर सगळ्या एकाच दिशेला ठेवा. शेवटची फायबर प्लेट काही बास्केटमध्ये वेगळ्या, किंचित सरकवलेल्या खाचेत बसते, तो फोटो इथे कामाला येतो. स्प्रिंगांचे बोल्ट थोडे-थोडे, समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. हे बहुधा ६ मिमीचे छोटे बोल्ट असतात आणि त्यांना साधारण १० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क (आवळण्याचा जोर) पुरतो. लांब पान्याने ओढले तर हबचा खांब मोडतो आणि मग हबच बदलावा लागतो. टॉर्क रेंच नसेल तर उसना आणा.

शेवटी केबल, म्हणजे माझ्या मते तुमच्या गोष्टीतलं मुख्य पात्र. जुनी केबल बाहेर काढून सरकवून बघा. अडखळत असेल तर नवी घाला. फ्री प्ले गाडी पूर्ण थंड असतानाच लावा, लिव्हरच्या मुळाशी साधारण २ ते ३ मिमी, किंवा मॅन्युअल सांगेल तो. राइडमध्ये तापून लिव्हर ढिला पडला तर ॲडजस्टरला हात लावू नका. पाच-दहा मिनिटं सावलीत थांबा, गठ्ठा थंड होऊ द्या, लिव्हर आपोआप जागेवर येतो. थांबणं शक्यच नसेल आणि फिरवावं लागलंच, तर किती फिरवला ते मोजून ठेवा आणि घरी पोहोचून गाडी थंड झाली की तेवढाच उलटा फिरवा.

पहिल्या एक-दोन राइड सपाट वाटेवर करा, चढावर क्लच फार खेळवू नका. त्यानंतर ऑइल बदला, कारण नव्या मसाल्याची बारीक पूड त्यातच उतरते, आणि थंड गाडीवर फ्री प्ले पुन्हा तपासा, तो थोडा कमी झालेला असेल. नंतर तिसऱ्या गिअरमध्ये मध्यम वेगात गॅस एकदम उघडून बघा: आरपीएम आणि वेग सोबत वाढले तर पकड चांगली आहे. आरपीएमने उडी मारली आणि गाडी मागे राहिली, तर गठ्ठ्याची उंची, बास्केटचा फोटो आणि ऑइलचं नाव मला लिहून पाठवा, तिथून पुढे बघू.